लाल यादीतली हिरवी

शास्त्रज्ञांनी पक्ष्यांना दिलेली लॅटिन नावं आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखी असतात. आधी आडनाव, मग नाव. आज ज्या दोन पक्ष्यांबद्दल लिहिते आहे, त्या दोघींचं आडनाव एकच आहे, अमंदवा. पहिलीचं पूर्ण नाव अमंदवा अमंदवा. म्हणजे आडनावही तेच आणि नावही तेच, एखाद्याचं नाव 'गणपत गणपत' असावं तसं! दुसरी अमंदवा फॉर्मोसा. फॉर्मोसा म्हणजे लॅटिनमध्ये रूपवती. मराठीत आपण सरळ लाल मुनिया आणि हिरवी मुनिया म्हणतो. मुनियाला मनोली असाही एक शब्द आहे आणि मला तो जास्त गोड वाटतो. पण बोलताना तोंडात मुनियाच येतं, म्हणून इथेही तेच लिहिते.

या अमंदवा शब्दाची गंमत सांगण्यासारखी आहे. वाटतो लॅटिन, पण आहे आपल्या शेजारचा. अमदावाद! जुन्या काळी ही इवलीशी पाखरं पिंजऱ्यांत भरून अहमदाबादेहून युरोपात जायची. तिकडच्या लोकांना शहराचं नाव नीट उच्चारता येईना. कुणी अवदवत म्हणालं, कुणी अमंदवा, आणि १७५८ साली लिनियसने हा शब्द पक्ष्याच्या नावात कायमचा घालून टाकला. पैठणी पैठणची, तशी ही पाखरं अमदावादची. फरक एवढाच की पैठणी पैठणला विणली जाते, आणि ही पाखरं अमदावादला विकली जायची. पक्ष्याच्या नावात त्याच्या घराऐवजी त्याचा बाजार येऊन बसला आहे. आमच्या मराठीच्या तासाला शब्दांची कुळकथा सांगताना मुलं कान टवकारून ऐकायची, पण ही कुळकथा मला निवृत्त झाल्यावर कळली, नाहीतर वर्गात नक्की सांगितली असती.

आता ही पाखरं दिसतात कशी ते सांगते. दोघीही चिमणीपेक्षा लहान, शेपटी धरून जेमतेम चार इंच. दोघी गवताचं बी खाऊन राहणाऱ्या, थव्यानं फिरणाऱ्या, पाण्याच्या आसपासच्या उंच गवतात आणि झुडपांत वावरणाऱ्या. लाल मुनियेचा नर पावसाळ्यात बघावा. अंगभर कुंकवासारखा लाल, आणि त्यावर पांढरे ठिपके, रांगोळीची चिमूट उडाल्यासारखे. विणीचा हंगाम आटोपला की हा लाल अंगरखा तो उतरवतो आणि मादीसारखा मातकट तपकिरी होतो. शेपटीच्या मुळाशी तेवढी लाली उरते. मुनियांच्या सगळ्या गोतावळ्यात ऋतूप्रमाणे असे कपडे बदलणारी ही एकटीच. त्यामुळे श्रावणात पाहिलेलं पाखरू माघात ओळखू आलं नाही, तर वाईट वाटून घेऊ नका.

हिरवी मुनिया वरून शेवाळी हिरवी, पोटाला हळदीसारखी पिवळी, आणि कुशीवर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे. चोच लालभडक. मादी थोडी फिकी. हिचा पोशाख बारा महिने हाच.

शास्त्राच्या हिशेबानं दोघीही 'गायक पक्षी' आहेत. अर्थात त्या गटात कावळाही मोडतो, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नयेत. मुनियेचं गाणं म्हणजे बारीक, चिरकत जाणारी लकेर. गवतात वारा असेल तर तीही ऐकू येत नाही. माझ्या कानांना तर आता यंत्राशिवाय काहीच ऐकू येत नाही, पण डोळे अजून शाबूत आहेत.

आमच्या नाशकात लाल मुनियेसाठी फार लांब जावं लागत नाही. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा एकत्र येतात. तिथे इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला, गाळ साचला, पाणकणसं आणि लव्हाळी माजली आणि पक्ष्यांचं गोकुळ जमलं. १९८६ साली ते अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. लोक तिथे फ्लेमिंगो, करकोचे, बदकं बघायला जातात आणि दुर्बीण पाण्यावर रोखून बसतात. मी काठाच्या गवतात बघते. चापडगावच्या मनोऱ्याकडे जाताना कधीकधी वाटेतच दहा-पंधरा लाल मुनियांचा थवा एका लव्हाळीवरून दुसरीवर भुर्रकन जातो, आणि ज्या काडीवर बसतात ती काडी नीट वाकतसुद्धा नाही.

या पाखरांची माझी ओळख मात्र पिंजऱ्यातली. साठ सालच्या आसपासची गोष्ट. गंगेवर (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये) बुधवारचा बाजार भरायचा, अजूनही भरतो. तिथे भांडी, मिरच्या, बी-बियाणं यांच्या गर्दीत एक पाखरंवाला यायचा. खांद्यावर बांबूच्या बारीक काड्यांचा चपटा पिंजरा आणि त्यात चाळीस-पन्नास 'लाल' दाटीवाटीनं. आमच्या वाड्यातल्या एका काकूंनी आठ आण्यांना जोडी घेतली होती. नर भलताच देखणा होता. दिवाळी झाली, रंग उतरला, आणि काकू म्हणाल्या, मेल्यानं फसवलं, रंग लावलेली पाखरं दिली! त्या बिचाऱ्या पाखरंवाल्यानं त्या वेळी काही रंगवलं नव्हतं. निसर्गानं धुऊन काढलेला तो निसर्गाचाच रंग होता. पण रंगवून पाखरं विकतात ही गोष्टही खोटी नाही. त्याकडे पुढे येतेच.

हिरवी मुनिया मी आयुष्यात एकदाच पाहिली, तीही महाराष्ट्राबाहेर. आम्ही निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी हिवाळ्यात माउंट अबूची सहल काढली होती. बाकीची मंडळी नक्की सरोवराकाठी चहा-भजी खात असताना मी आणि माझी एक मैत्रीण सकाळी एका माहितगार मुलाला घेऊन गुरुशिखराच्या वाटेवर गेलो. दोन तास घाणेरीच्या झुडपांसमोर उभं राहून पाय भरून आले. मैत्रीण म्हणाली, चल, भजी तरी मिळतील. तेवढ्यात शेताच्या दगडी बांधावर सात-आठ पाखरं उतरली. हिरव्या पानांत हिरवी पाखरं, पण कुशीवरचे पट्टे आणि लाल चोच लपत नव्हती. जेमतेम पाच मिनिटं दाणे टिपले आणि परत झुडपात गेली. त्या मुलानं मोजून आकडा वहीत लिहिला. मला गंमत वाटली. आमच्याकडे लाल मुनियांचा थवा दिसला तर 'खूप होत्या' म्हणतात, इथे सात की आठ याला किंमत होती.

ती किंमत का, हे घरी येऊन वाचलं तेव्हा समजलं. जगभरातल्या प्राणी-वनस्पतींची स्थिती तपासून आययूसीएन ही आंतरराष्ट्रीय संस्था एक यादी ठेवते. तिला लाल यादी म्हणतात. त्या यादीत दोघी बहिणींची नोंद आहे. लाल मुनियेपुढे शेरा आहे 'किमान चिंता'. हिरवीपुढे शेरा आहे 'असुरक्षित'. त्यापुढच्या पायऱ्या म्हणजे संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त, आणि मग नामशेषाकडे जाणारा उतार. थोडक्यात, लाल यादीत लालचं बरं चाललंय, काळजी आहे ती हिरवीची.

एकाच घराण्यातल्या, एकाच मापाच्या, एकच अन्न खाणाऱ्या दोघी. पकडणारे हात तेच, जाळी तीच, पिंजरे तेच. मग एक सुखरूप आणि दुसरी धोक्यात, असं का?

पहिलं कारण नकाशात आहे. लाल मुनिया पाकिस्तानपासून भारत, नेपाळ, बांगलादेश, म्यानमार करत थेट जावापर्यंत पसरली आहे. एवढंच नाही, पिंजऱ्यांतून निसटलेल्या लाल मुनियांनी स्पेन-पोर्तुगालमध्ये, फिजीत, हवाई बेटांवर संसार थाटले आहेत. अमदावादहून विकत नेलेली पाखरं तिकडची रहिवासी झाली! हिरवी मुनिया मूळची फक्त भारतातली. त्यातही मध्य भारताच्या पट्ट्यात, दक्षिण राजस्थान, मध्य प्रदेश आणि आसपास, तीसुद्धा सलग पसरलेली नाही. नकाशावर शाई शिंतडावी तशी इथे थोडी, तिथे थोडी. आपल्या महाराष्ट्रातल्या नोंदी तर तुरळकच.

दुसरं कारण बाजारात आहे. समजा, दोन माणसांच्या खिशातून शंभर-शंभर रुपये गेले. एक लखपती आहे आणि दुसऱ्याचं हातावर पोट आहे. चोरी सारखीच झाली, पण दुसऱ्याच्या घरी त्या रात्री चूल पेटणार नाही. मुनियांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. उलट हिरवी जितकी कमी दिसू लागली, तितका पिंजऱ्यात तिचा भाव वाढला. आणि भाव वाढला की मग माणसाची कला बघावी! साध्या, स्वस्त मुनियांना हिरवा-पिवळा रंग फासून 'हिरवी मुनिया' म्हणून विकायचा धंदा सुरू झाला. अब्रार अहमद यांनी १९९० च्या दशकात देशातल्या पक्षीबाजारांचा जो अभ्यास केला, त्यात या रंगवलेल्या पाखरांच्याही नोंदी आहेत. म्हणजे हिरवीच्या रूपापायी दुसऱ्याच पाखरांचेही हाल. तिच्या नावाचा 'रूपवती' हा अर्थ आठवला की मला कसंतरीच होतं.

कायदा नाही असं नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि १९९०-९१ पासून आपल्या रानातल्या पाखरांच्या व्यापारावर आणि निर्यातीवर बंदी आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा जो साइट्स करार आहे, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टातही हिरवी मुनिया आहे. तरीही चोरटा व्यापार पूर्ण थांबलेला नाही. आणि त्यात आपल्या पुण्याईचाही हातभार लागतो, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी सणाला, ग्रहणाला पिंजऱ्यातली पाखरं विकत घेऊन सोडून देतात. पाखरू मोकळं झालं, आपल्या गाठी पुण्य जमा. पण सोडणाऱ्यानं मोजलेल्या पैशातून पाखरंवाला उद्याची पाखरं आणतो. त्यात जाळ्यात अडकताना, पिंजऱ्यात कोंबताना किती मेली याचा हिशेब पुण्याच्या वहीत येत नाही. आमच्या नात्यात एकांच्या पंच्याहत्तरीला पंच्याहत्तर पाखरं सोडायचा बेत चालला होता. मी म्हटलं, त्यापेक्षा पंच्याहत्तर वह्या जिल्हा परिषदेच्या शाळेत द्या. दिल्या त्यांनी, आनंदानं दिल्या.

इथवर वाचून कुणी म्हणेल, बाई, मग हिरवीची काळजी अबूच्या लोकांनी करावी, नाशिकला काय त्याचं? हाच प्रश्न मला जरा वेगळ्या शब्दांत समोरासमोर विचारला गेला, तो प्रसंग सांगते.

आमच्या कॉलनीच्या मागे नाल्याला लागून एक रिकामा प्लॉट आहे. पावसाळ्यात तिथे छातीएवढं गवत होतं आणि दर वर्षी लाल मुनियेच्या दोन-तीन जोड्या त्यात गवताच्या पात्यांची गोल घरटी करतात. २०२४ च्या सप्टेंबरात सोसायटीच्या बैठकीत ठराव आला, की गवत कापून जाळून टाकायचं. लोकांचं म्हणणं वावगं नव्हतं. एका घरात मुलाला डेंग्यू होऊन गेला होता, आणि नाल्याकडून साप येतात हे मीही पाहिलं आहे. मी उठून म्हटलं, डिसेंबरपर्यंत थांबा, आत घरटी आहेत. एका तरुण गृहस्थांनी अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, हा पक्षी दुर्मीळ आहे का?"

इतकी वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं. म्हटलं, "नाही. अजिबात दुर्मीळ नाही."

"मग झालं तर," मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

त्यावर मी जे बोलले ते थोडक्यात असं. लाल मुनिया दुर्मीळ नाही, कारण इथलं गवत गेलं तर तिला शेजारी दुसरं गवत मिळतं. नाला आहे, उसाचा बांध आहे, तळ्याची कड आहे. तिचं जगणं या 'शेजारच्या गवता'वर चाललंय. हिरवी मुनियासुद्धा अशीच उसाच्या फडात, उंच गवतात घरटी करणारी. तिचं शेजारचं गवत विरळ झालं, आणि राहिल्या जागी जाळी लागली. शेवटचं गवत कुठल्या दिवशी कापलं हे कुणालाच कळत नाही, कारण ते कापणाऱ्या प्रत्येकाला वाटत असतं, पलीकडे आहे की!

बैठकीत टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. पण मधला मार्ग निघाला. रस्त्याकडचं गवत कापलं, साचलेलं पाणी काढून दिलं, आणि नाल्याकडची पंधरा-वीस फुटांची पट्टी डिसेंबरपर्यंत ठेवली. नोव्हेंबरच्या एका सकाळी मी त्या पट्टीच्या कडेला एका वाळक्या काडीवर पाच पिल्लं ओळीनं बसलेली पाहिली. काळ्या चोचीची, मातकट, अजिबात देखणी नसलेली. प्रश्न विचारणाऱ्या त्या गृहस्थांना फोन करून बोलावलं. ते लेकीला खांद्यावर घेऊन आले आणि तिला म्हणाले, "बघ, हे आपले शेजारी."

तो प्लॉट अर्थातच कुणाच्या तरी मालकीचा आहे. आज ना उद्या तिथे इमारत उभी राहील, आणि राहू दे. माणसांनाही घरं लागतात, मी स्वतः अशाच एका प्लॉटवर बांधलेल्या घरात राहते. पण नाल्याची कड कुणाच्या इमारतीत येत नाही. तिथे काँक्रीटच्या भिंती घालून ती चकाचक करायची की दहा फूट गवत राहू द्यायचं, हे ठरवता येतं. आमच्या जिल्ह्यात उसाच्या जागी द्राक्षबागा वाढलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. द्राक्षानं निफाड-दिंडोरीच्या घरांत पैसा आणला, त्याबद्दल कोण तक्रार करणार? पण बागेखालची जमीन तणमुक्त ठेवावी लागते. मग गवत राहतं ते बांधावर, ओढ्याकाठी आणि रस्त्याच्या चारीत. तेवढंच मुनियेचं शेजारचं गवत. त्यातही आपण दर उन्हाळ्यात काडी लावतो.

शाळेत असताना एक गोष्ट मी पाहिली होती. पस्तीस टक्क्यांच्या खाली गेलेल्या मुलाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पासष्टवरून पंचेचाळीसवर आलेल्या मुलाकडे कुणी बघत नाही, कारण तो पास असतो. 'किमान चिंता' हा शेरा म्हणजे उत्तीर्णचा शिक्का. तो खरा असतो, पण गुण वर चालले आहेत की खाली, ते त्यातून दिसत नाही. त्यासाठी दर वर्षीची गुणपत्रिका लागते. २०२३ साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या नावाचा अहवाल निघाला, तो अशा गुणपत्रिकेसारखाच आहे. देशभरातल्या सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला आहे, आणि त्यातल्या १७८ जातींकडे तातडीनं लक्ष द्यायला हवं असं म्हटलं आहे. हे तीस हजार लोक काही सगळे शास्त्रज्ञ नाहीत. डॉक्टर आहेत, कारकून आहेत, शाळकरी मुलं आहेत, आणि माझ्यासारख्या गुडघे दुखणाऱ्या आज्याही आहेत. त्यांनी दुर्मीळ पाखरांबरोबर साळुंकी, बुलबुल, चिमणी हेही मोजून लिहिलं, म्हणून कोण वाढलं आणि कोण घटलं ते कळलं. 'खूप होत्या' असं लिहून भागलं नसतं.

अबूच्या त्या मुलाचं बघून मीही आता आकडा लिहिते. माझ्या नातवानं मोबाइलवर ईबर्ड घालून दिलं आहे, पण माझा भरवसा दोनशे पानी वहीवर जास्त. तारीख, जागा, किती. २०२५ च्या पावसाळ्यात नाल्याच्या पट्टीत दोन जोड्या होत्या, आदल्या वर्षी तीन होत्या. यावरून काही अनुमान काढायचं नसतं, नुसतं लिहून ठेवायचं असतं.

असो, बरंच लांबलं. तुमच्या घराजवळ नाला असेल, तळं असेल, उसाचा बांध असेल, तर श्रावण-भाद्रपदात सकाळी आठच्या आत एकदा चक्कर मारा. गवतात लाल ठिपका हलताना दिसला तर थांबा. अंगावर पांढरे ठिपके आहेत का बघा, मोजा, आणि कुठेतरी लिहून ठेवा. आणि चुकून कधी कुशीवर पट्टे असलेलं हिरवं पाखरू दिसलं, तर मला कळवाच. गुडघे दुखत असले तरी मी येईन.